शेवंतीचं पहिलं बाळंतपण

तुमच्या घरच्या कॅनरीनं पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचं म्हटलं, तर तुम्ही तिची पिशवी भरायला घ्याल की तिच्याशी वाद घालत बसाल?

जयसिंगपूरच्या सातव्या गल्लीत राहणाऱ्या मंदाकिनी मगदूमवर ही वेळ फाल्गुन लागता लागता आली. तिच्याकडे कॅनरीची एक जोडी होती. नराचं नाव झेंडू. तो अंडं फोडून बाहेर आला तो मंदाकिनीच्याच स्वयंपाकघरात, म्हणून तो घरचा. मादी कुरुंदवाडहून आणलेली. तिचं माहेरचं नाव चिमी होतं. इथं आल्यावर मंदाकिनीनं रीतीप्रमाणे ते बदलून शेवंती ठेवलं, आणि तांदळात नाव लिहून तिला दाखवलंसुद्धा.

कॅनरी एरवी बोलत नाहीत. विणीच्या दिवसांत मादी मोजकं बोलते, कामापुरतं. शेवंतीनं काथ्याचं घरटं विणून झाल्यावर त्यात एकदा बसून पाहिलं, उठली, आणि दाणे बदलायला आलेल्या मंदाकिनीला म्हणाली, "पहिलं माहेरी करतात ना?"

मंदाकिनी "हो" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? पहिलं माहेरीच करतात.

तिचे यजमान भूपाल पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. जेवताना त्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी घास खाली ठेवला.

"तिला कसलं माहेर? पिंजऱ्यात जन्मली ती."

"मग मी कुठं राजवाड्यात जन्मले होते? मला पाठवलंत की तेजूच्या वेळी."

"तुला पाठवलं कारण तुझा बाप न्यायला आला होता. हिचा कोण येणार?"

"कोणी आलं नाही तर आपण पोचवायचं. तशीही रीत आहे."

भूपालनी घास उचलला. रीतीवर बोलून फायदा नसतो, हे त्यांना लग्न झाल्यापासून ठाऊक होतं. पण मनातून त्यांना वाटलं, दोन दिवस जाऊ द्यावेत, पाखरू आहे, विसरेल.

शेवंती विसरली नाही. ती घरट्यात बसेना, झेंडूनं चोचीतून भरवलेला घास घेईना. तिचं पोट खालून टपोरं दिसायला लागलं आणि ती दांडीवर पिसं फुगवून नुसती बसून राहू लागली. तेव्हा मंदाकिनीनं पिंजऱ्यावर पंचा टाकला आणि ती गुरांचे डॉक्टर शिरगुप्पे यांच्याकडे गेली.

डॉक्टरांनी शेवंतीला मुठीत घेऊन, बोटानं पोट चाचपलं.

"अंडं तयार आहे, वहिनी. धरून बसली आहे."

"का हो?"

"माहेरचं काही बोलली का?"

"बोलली की."

"मग नेलं का नाही?" डॉक्टर थोडे रागावले. "कॅनरीला एकदा माहेर म्हटलं की माहेर. ह्याला माझ्याकडे औषध नाही. थोडं एरंडेल देतो, पण ते तिथं पोचल्यावर लावा, इथं लावून उपयोग नाही. आणि जावयाला बरोबर नेऊ नका."

"आणि नाहीच नेता आलं तर?"

डॉक्टरांनी शेवंतीला अलगद पिंजऱ्यात ठेवलं आणि दार लावलं. "अंडं अडलं की पाखरू जगत नाही. आज नाहीतर उद्या, एवढंच."

मंदाकिनीनं पिंजरा उचलला. घरी येऊन तिनं पिशवी भरली. राळा, कारळे, खसखस, अळीव, समुद्रफेसाचा तुकडा, उकडलेली अंडी, काथ्याचं घरटं जसंच्या तसं. बाळंतिणीला लागतं आणि कॅनरीला लागतं त्यात फारसा फरक नसतो, त्यामुळे तिला दुकानात काही समजावून सांगावं लागलं नाही. वाण्यानं "कुणाचं?" एवढंच विचारलं, आणि अळीव मूठभर जास्त घातले.

कुरुंदवाडची गाडी वाडीच्या दर्शनाला निघालेल्या माणसांनी भरली होती. कंडक्टरनं पिंजऱ्यावरचा पंचा बघितला.

"काय आहे आत?"

"कॅनरी. पोटुशी आहे."

"पहिलटकरीण?"

"हो."

"मग मागं कशाला बसलाय? चाकावर हादरे बसतील. ओ पावणं, उठा जरा, बाई माहेराला निघालीय." पुढच्या सीटवरचे पाहुणे उठले. त्यांनी पिंजऱ्याला हात जोडले नाहीत, पण खिडकी मात्र लावून घेतली, वारं लागू नये म्हणून.

शेवंतीचं माहेर म्हणजे आण्णा कुंभोजे यांचं घर. आण्णा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, आता घरी असत. कॅनरी त्यांच्या नव्हत्या, त्यांच्या बायकोच्या, कलावतीबाईंच्या होत्या. गेल्या दिवाळीत कलावतीबाई वारल्या. त्यानंतर आण्णांनी सगळी पाखरं वाटून टाकली. शेवंती त्यांतलीच. मंदाकिनीला हे अर्धं ठाऊक होतं. बाई गेल्या हे तिनं ऐकलं होतं, पण माहेरात आई नसली तर काय करायचं, हा विचार तिच्या मनात दार वाजवेपर्यंत आला नव्हता.

आण्णांनी दार उघडलं. हातात अर्धी भाकरी होती, तीवर ठेचा.

"शेवंतीला घेऊन आलेय," मंदाकिनी म्हणाली. "तुमची चिमी. पहिलं आहे तिचं."

आण्णांनी पिंजऱ्याकडे पाहिलं नाही. "ताई, माहेर आईबरोबर गेलं. मी इथं एकटा माणूस. माझं मला रांधता येत नाही, बाळंतपण काय करू?"

"मी आहे ना करायला. तुम्ही फक्त हो म्हणा."

"माझ्या हातानं कधी पाखराला पाणी ठेवलेलं नाही. ती म्हणायची, तुमचे हात जड आहेत, लांबून बघा. मी बत्तीस वर्षं लांबून बघितलं. घेऊन जावा तिला."

मंदाकिनी उंबऱ्यापाशी उभी राहिली. परत नेणं म्हणजे काय, हे तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेवढ्यात पंच्याखालून शेवंती म्हणाली, "आण्णा, दारातच ठेवणार?"

आण्णांनी ऐकलं. मग त्यांनी पंचा बाजूला केला.

"किती वाळलीस गं, चिमे," ते म्हणाले.

लेक बाळंतपणाला आली की तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात. हे आण्णांनी बघितलेलं होतं, केलेलं नव्हतं. त्यांनी हातातल्याच भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्यासकट पिंजऱ्यावरून तीनदा ओवाळला आणि रस्त्यावर टाकला. थोडा ठेचा शेवंतीच्या पाण्यात पडला. मंदाकिनीनं ते पाणी बदललं आणि दोघी आत गेल्या.

त्या दुपारी मंदाकिनीनं उत्तरेकडची खोली निवडली, झाडली, खिडकीला तिचं स्वतःचं जुनं लुगडं बांधून उजेड सौम्य केला. एरंडेल लावलं. उकडलेलं अंडं कुस्करून त्यात खसखस घातली. मग ती पिंजऱ्यासमोर चटई टाकून बसली आणि तिनं शेवंतीवरून नजर हलवली नाही. शेवंतीनं मान इकडं केली की ती पाणी पुढं करायची, तिकडं केली की पाला. "काही हवंय का गं? दुखतंय का? घाबरू नको, मी इथंच आहे." रात्रीही ती तिथंच निजली.

अंडं झालं नाही. सकाळी शेवंती दांडीवरून उतरून पिंजऱ्याच्या तळाला बसलेली होती, डोळे मिटून. आण्णा दारातून लांबूनच बघत होते.

"माहेरी आणूनसुद्धा?" मंदाकिनी म्हणाली. "आण्णा, माझं काय चुकलं?"

आण्णांना सांगता येईना, म्हणून ते शेजारच्या पद्मावती आक्कांना बोलावून घेऊन आले. आक्कांनी गल्लीतली निम्मी बाळंतपणं केली होती, त्यांत दोन म्हशींची आणि एक पोपटाचं. त्या आत आल्या, शेवंतीकडे बघितलं, मंदाकिनीकडे बघितलं, चटईकडे बघितलं.

"तू कोण हिची?"

"मी हिला सांभाळते, आक्का."

"सांभाळतेस ते झालं. नर कुणाचा?"

"आमचा. आमच्या घरीच जन्मला."

"मादी कुणाची?"

"ह्यांची. आण्णांची."

"म्हंजे मुलगा तुझा आणि मुलगी ह्यांची." आक्का पदर खोचून बसल्या. "अगं बाई, मग तू सासू आहेस. सासू डोळे वटारून पुढ्यात बसल्यावर कुठली पोर मोकळी होईल?"

मंदाकिनीनं आयुष्यात स्वतःला पुष्कळ काही समजलं होतं, पण सासू कधी समजलं नव्हतं. तिला फक्त एक मुलगी होती, तेजश्री, तीही सांगलीला शिकत होती. तिचा चेहरा पडला.

"मी तिला आजवर एका शब्दानं बोलले नाही हो."

"न बोलणारीचा धाक जास्त वाटतो," आक्का म्हणाल्या. "बोलणारी निदान बोलून गप होते. डोळे वटारले नसशील, मान्य. पण बसलीस ना रात्रभर? माहेरी येते पोर ती कशाला? कोणी बघत नसावं म्हणून. आणि तू उशाशी."

मंदाकिनीनं शेवंतीला विचारलं, "असं आहे का गं?"

शेवंती काही बोलली नाही. बोलणार कशी? सासूच विचारत होती.

मग जे करायचं ते स्पष्टच होतं. मंदाकिनीनं चटई गुंडाळली. पण जायचं म्हणजे शेवंतीला कोणाच्या हातावर ठेवून जायचं? आक्का म्हणाल्या, "माझ्याकडं बघू नको. मी शेजारीण. माहेर त्यांचं, त्यांनीच करायचं." आण्णा दारातच होते. त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पुढे धरून पाहिले, जणू वजनकाट्यावर ठेवायचे होते.

मंदाकिनीनं त्यांना सगळं सांगितलं. अंडं झालं की ते सकाळी हलकेच काढून कापसात ठेवायचं, त्याच्या जागी लाकडी मणी ठेवायचा. म्हणजे ती लगेच उबवायला बसत नाही. सगळी अंडी घालून झाली की मणी काढायचे आणि खरी अंडी परत द्यायची, म्हणजे पिल्लं एकाच दिवशी बाहेर पडतात. नाहीतर थोरलं आधी वाढतं आणि धाकट्याचा घास खातं.

"आणि तुमचे हात जड नाहीत," ती शेवटी म्हणाली. हे तिला माहीत नव्हतं, पण म्हणणं भाग होतं.

"बघू," आण्णा म्हणाले.

गाडीत ती पदर तोंडाला लावून रडली. ह्या वेळी तिला कोणी सीट दिली नाही, कारण सासवा उभ्यानंही जातात.

घरी झेंडू चोचीत भिजवलेला दाणा धरून बसला होता, भरवायला कोणी नव्हतं म्हणून. मंदाकिनी फोनपाशी बसली. आण्णांना विचारावं असं वाटून तिनं दोनदा फोन उचलला.

"ठेव," भूपाल म्हणाले. "सासरच्यांनी सारखी चौकशी करायची नसते. माहेरचे कळवतात."

"तुम्हाला हो कधीपासून रीत कळायला लागली?"

"सासरा झाल्यापासून," भूपाल म्हणाले, आणि त्या दिवशी ते दुकानात गेले नाहीत.

दिवस मावळायच्या सुमारास फोन वाजला. पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू आला.

"विहीणबाई," आण्णा म्हणाले.

"हो, बोला. बोला ना."

"सून सुटली तुमची. तुम्ही वळणावरनं दिसेनाशा झालात आणि ती उठून घरट्यात गेली. निळसर आहे अंडं. वर तपकिरी ठिपके. घालताना मी बघितलं नाही हो, मी पाठ करून बसलो होतो. तिनंच हाक मारली."

मंदाकिनी खाली बसली. भूपालनी तिच्या हातून फोन घेतला आणि मोठ्यानं म्हणाले, "व्याही! अभिनंदन!" मग त्यांना कळेना की अभिनंदन कोणी कोणाचं करायचं असतं, म्हणून त्यांनी ते परतही स्वीकारलं.

पुढचे फोन आण्णांनी आपणहून केले. अंडी होत राहिली. एके दिवशी ते अडचणीत होते.

"ते मणी ठेवायचं मला जमत नव्हतं बघा. तिच्या डोळ्यांदेखत खरं उचलायचं आणि खोटं ठेवायचं! स्वतःच्या लेकीला फसवू कसं? शेवटी मी तिला विचारलं."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, ठेवा आण्णा, मला माहीत आहे. आईसुद्धा ठेवायची."

खरी अंडी परत दिली त्या दिवसापासून आण्णांनी गल्लीत कुणाला मोठ्यानं खोकू दिलं नाही. तेराव्या-चौदाव्या दिवशी सगळी पिल्लं एका सकाळी बाहेर आली, पाचच्या पाच. आण्णांनी उकडलेलं अंडं कुस्करून, चाळून, काडीच्या टोकावर घेऊन शेवंतीला मदत म्हणून पिल्लांना स्वतः भरवलं. एकाही पिल्लाच्या पोटाला फुगवटा आला नाही, एकाचाही पाय काथ्यात अडकला नाही. आक्का रोज येऊन दारातून बघून जात आणि बाहेर जाऊन सगळ्यांना सांगत, "कुंभोज्याचा हात म्हंजे कापूस आहे, कापूस!"

सवा महिना झाल्यावर बारशाचं आमंत्रण आलं. आता मंदाकिनीला जायला हरकत नव्हती. बारशाला सासरच्यांनी जायचंच असतं, आणि वाजतगाजत. भूपालनी इचलकरंजीची बेंजो पार्टी ठरवली. झेंडूच्या पिंजऱ्याला झिरमिळ्या लावल्या. सांगलीहून तेजश्रीला बोलावून घेतलं, कारण मंदाकिनी सासू असेल तर झेंडू तिचा मुलगा, आणि मग तेजश्री पिल्लांची आत्या. नाव आत्याच ठेवते.

"आई, मला उद्या परीक्षा आहे," तेजश्री म्हणाली.

"भाचरं आहेत तुझी. उद्याची परीक्षा उद्या."

कुरुंदवाडच्या त्या गल्लीत बेंजो शिरला तेव्हा बायका घराघरांतून बाहेर आल्या. आण्णा नवं धोतर नेसून दारात उभे होते. त्यांनी जावयाचे पाय धुवायला तांब्या पुढं केला, झेंडूनं एकएक पाय पुढं केला. पाळणा म्हणून टोपली टांगली होती, तिला झेंडूची फुलं बांधली होती, त्यावर जावयाचा मान झाला असं सगळ्यांनी धरलं. शेवंतीचे कान बांधले होते. ती पूर्वीपेक्षा भरलेली दिसत होती.

बायका पाळण्याच्या बाजूंना उभ्या राहिल्या. तेजश्री वाकली. रीत अशी की आत्या बाळाच्या कानात आधी कुर्र करते आणि मग नाव सांगते. कॅनरीच्या बाबतीत ह्याला फार महत्त्व असतं. कानात कुर्र नीट पडलं नाही तर नर पिल्लू जन्मभर मुकं राहतं, आणि मुकी कॅनरी कोणी आपली म्हणत नाही. आण्णांनी डोळे मिटले. मंदाकिनीनं पदराचं टोक मुठीत धरलं, पण ती पुढं झाली नाही. ती सर्वांत मागं उभी होती, तिनं ठरवूनच ती जागा घेतली होती.

"कुर्रर्र," तेजश्री म्हणाली.

टोपलीत शांतता. आक्का म्हणाल्या, "जोरात गं, शिकलेली ना तू?"

"कुर्रर्रर्रर्र!"

पहिल्यांदा थोरल्यानं उत्तर दिलं. मग धाकट्यानं. मग पाचहीजणांनी, एकदम, एका सुरात, असं लांबलचक कुर्र केलं की बाहेर बेंजोवाला थांबला आणि त्यानं आपली पट्टी बदलून त्यांची घेतली. झेंडू शेवंती गेल्यापासून गप्प होता, तो गळा फुगवून त्यांच्यावर चढवून गायला लागला. बायकांनी फुलं टाकली, चुकून घुगऱ्याही टाकल्या. भूपाल व्याह्यांच्या गळ्यात पडले. आण्णा रडत होते आणि सगळ्यांना हात दाखवत होते.

"बघा. हेच हात," ते म्हणत होते. "बघा तरी!"

निघताना त्यांनी शेवंतीची ओटी भरली. खणाचा तुकडा तिच्या मापाचा होता. नारळाऐवजी सुपारी घातली, कारण नारळ पिंजऱ्यात मावत नव्हता.

"दुसरं पण इथंच करू," आण्णा म्हणाले.

"दुसरं सासरी करतात, आण्णा," मंदाकिनी म्हणाली.

"मग मी येईन."

"या की. मी बाहेरच्या खोलीत निजेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी जयसिंगपूरला मंदाकिनीनं पिंजऱ्यात आंघोळीचं पसरट भांडं ठेवलं आणि ती खोलीबाहेर जायला वळली, तेव्हा शेवंती म्हणाली, "बसा की, आई," म्हणून मंदाकिनी चटई टाकून बसली, आणि शेवंतीनं तिच्यासमोर पाचही पिल्लांना एकेक करून आंघोळ घातली.